मोज्यातली चांदी आणि नदीतलं शेवाळ

पुढच्या वेळी पायमोजे घ्यायला गेलात आणि पाकिटावर 'नॅनो सिल्व्हर', '९९.९% जंतूंचा नाश', 'दुर्गंधीला रामराम' असं काही चमकदार अक्षरांत छापलेलं दिसलं, तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा. हे मोजे धुतले की ती चांदी जाते कुठे?

त्याला उत्तर ठाऊक नसणार. पाकिटावरही ते नसतं. पण उत्तर काही अवघड नाही. ती मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. आणि नदीत तिची गाठ पडते ती शेवाळाशी.

आजचा लेख या गाठीबद्दल आहे. माझी बाजू सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला भांडायला सोपं जाईल. ज्या वस्तूत जंतुनाशकाची काहीही वैद्यकीय गरज नाही, तिच्यात नॅनो चांदी घालून विकणं बंद व्हायला हवं. यात ग्राहकाचा फायदा जवळपास शून्य आहे आणि जो काही तोटा आहे तो ज्याला तोंडच नाही अशा जीवाच्या माथी मारलेला आहे.

नॅनो म्हणजे नक्की किती?

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, तर एखादा जिवाणू १,००० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे नॅनोकणाच्या मानाने जिवाणूसुद्धा अगडबंब.

इथे अनेक जण मला अडवतात. "डॉक्टर, चांदी तर आपल्याकडे पूर्वापार वापरात आहे. बाळाचं उष्टावण चांदीच्या वाटीत होतं, मिठाईवर वर्ख असतो. मग आताच ती विषारी कशी झाली?"

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर साध्या गणितात आहे. एक सेंटीमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर, म्हणजे दोन-तीन बोटांच्या टोकांएवढा. आता त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे करा. चांदी तेवढीच राहिली, वजन तेवढंच राहिलं, पण सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग झाला ६०० चौरस मीटर! साधारण साडेसहा हजार चौरस फूट. एक-बीएचकेचे दहा फ्लॅट त्यात सहज मावतील.

चांदीचं रसायनशास्त्र तिच्या पृष्ठभागावर घडतं. पाणी आणि प्राणवायू यांच्या संपर्कात तिथून चांदीचे विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, सुटे होतात. वाटीतून ते नगण्य सुटतात. नॅनोकणांतून भराभर सुटतात. जंतू मरतात ते प्रामुख्याने या आयनांमुळे. 'नॅनो' या शब्दात जी काही जादू आहे ती एवढीच, आणि धोका आहे तोही तिथेच.

शेवाळाचं एवढं काय कौतुक?

शेवाळ म्हटलं की आपल्याला आठवतं ते विहिरीच्या पायऱ्यांवरचं घसरडं आणि पाण्याच्या टाकीत धरलेली हिरवी बुरशीसारखी साय. ते खरवडून काढायचं असतं, एवढंच आपलं त्याच्याशी नातं. नदीवर पसरलेली जलपर्णी पाहूनही काही जण 'केवढं शेवाळ' म्हणतात. जलपर्णी हे शेवाळ नव्हे, ती मुळं-पानं-फुलं असलेली वनस्पती आहे.

मी बोलतोय ते डोळ्यांना न दिसणाऱ्या, एकेका पेशीच्या शैवालाबद्दल. क्लोरेला, सिनेडेस्मस, क्लॅमिडोमोनास, डायटम अशी त्यांची नावं. स्वच्छ दिसणाऱ्या तळ्याच्या एका पेल्यातही ते हजारोंनी असतात. सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन ते अन्न तयार करतात आणि पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांना खातो डॅफ्नियासारखा टाचणीच्या डोक्याएवढा जीव. त्याला खातात माशांची पिल्लं. कटल्याचं पिल्लू असो वा रोहूचं, लहानपणी ते याच सूक्ष्म खाण्यावर वाढतं. तुमच्या ताटातल्या माशाची शिधापत्रिका या शेवाळाच्या दुकानात आहे.

म्हणून तर जगभरात कुठलंही नवं रसायन पाण्याला किती घातक आहे हे पाहायचं असलं की तीन जीवांवर चाचणी होते: शैवाल, डॅफ्निया आणि मासा. यातली शैवालाची चाचणी ७२ तासांची असते. स्वच्छ पाण्यात ठेवलेलं शैवाल तेवढ्या वेळात किमान सोळापट वाढलं पाहिजे, तरच चाचणी ग्राह्य धरतात. मग रसायन घातलेल्या पाण्यात वाढ किती खुंटली ते मोजायचं. या चाचणीत सर्रास वापरलं जाणारं एक हिरवं शैवाल मुळात नॉर्वेमधल्या नितेल्वा नदीतून १९५९ साली वेगळं केलेलं आहे. प्रयोगशाळांमध्ये ते आजतागायत वाढवलं जातंय आणि आपल्या वतीने विष चाखतंय. जुन्या राजेमहाराजांकडे जेवण चाखून बघणारा सेवक असे, तसंच.

चाखणाऱ्याने काय सांगितलं?

२००८ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी क्लॅमिडोमोनास या गोड्या पाण्यातल्या शैवालावर नॅनो चांदीचा परिणाम तपासला. मोजलं काय, तर प्रकाशसंश्लेषण, म्हणजे त्याची चूल पेटते आहे की नाही. ती विझू लागली होती.

आता नीट वाचा, कारण खरी गंमत पुढे आहे. एकूण चांदीच्या वजनाने तुलना केली तेव्हा साधं सिल्व्हर नायट्रेट हे नॅनोकणांपेक्षा सुमारे १८ पट जास्त विषारी ठरलं. हे वाक्य एवढंच उचललं की नॅनोवाल्यांची जाहिरात तयार! पण त्याच शास्त्रज्ञांनी पाण्यात प्रत्यक्ष सुटे असलेले आयन मोजून हिशेब मांडला, तेव्हा चित्र उलटलं. पाण्यात दिसणाऱ्या आयनांच्या मानाने नॅनोकणांनी केलेलं नुकसान कितीतरी अधिक होतं. मग त्यांनी पाण्यात सिस्टीन घातलं. हे अमिनो आम्ल चांदीच्या आयनांना घट्ट पकडून ठेवतं. ते घातल्यावर विषबाधा थांबली.

वैद्यकात आम्ही अँटिडोट देऊन कधी कधी विष कोणतं ते ओळखतो. हा तसाच पुरावा आहे. मारेकरी आयनच आहे, पण नॅनोकण त्याची कोठी आहे. पेशीच्या संपर्कात आल्यावर ती कोठी आयन पुरवत राहते.

पण सगळे नॅनोकण एका माळेचे मणी नाहीत, हेही सांगायला हवं. २००९ साली एस्टोनियातल्या संशोधकांनी त्या नॉर्वेच्या शैवालावर तीन धातूंची ऑक्साइडं तपासली, प्रत्येकाची नॅनो पूड आणि साधी पूड अशी जोडी घेऊन. कॉपर ऑक्साइडची नॅनो पूड साध्या पुडीपेक्षा सुमारे १६ पट विषारी निघाली. टायटॅनियम डायऑक्साइडची सुमारे सहापट. झिंक ऑक्साइडच्या बाबतीत मात्र दोन्ही पुड्या जवळपास सारख्याच विषारी, आणि त्याही अगदी थोड्या प्रमाणात: लिटरमागे एका मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाहूनही कमी जस्ताने वाढ निम्म्यावर आली. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना झिंक ऑक्साइडबद्दल २००७ मध्येच हे दिसलं होतं. कारण असं की झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळतं, आणि एकदा विरघळलं की आधी कण लहान होता की मोठा याला अर्थ उरत नाही.

तात्पर्य, 'नॅनो म्हणजे विष' हे जितकं खोटं, तितकंच 'नॅनो म्हणजे सुरक्षित' हेही खोटं. कोणता धातू, किती, कशा पाण्यात, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. औषधाचंही असंच असतं.

पेशीत घडतं काय?

शैवालाच्या पेशीभोवती भिंत असते आणि तिला ५ ते २० नॅनोमीटरची छिद्रं असतात. मोठे कण आत शिरू शकत नाहीत, पण बाहेर चिकटून बसतात. त्यातून तीन गोष्टी होतात.

पहिली, सुटलेले आयन आत शिरतात आणि प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात. विकरं, म्हणजे एन्झाइम्स, निकामी होतात. हरितद्रव्याच्या यंत्रणेतला इलेक्ट्रॉनचा प्रवाह तुटतो.

दुसरी, पेशीत ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं तयार होतात. 'फ्री रॅडिकल्स' हा शब्द तुम्ही टॉनिकच्या जाहिरातींत ऐकला असेल. शैवालाच्या पेशीत ती खरोखर पेशीचं आवरण आणि डीएनए यांची नासधूस करतात. टायटॅनियम डायऑक्साइडवर उन्हातले अतिनील किरण पडले की हा प्रकार आणखी वाढतो.

तिसरी गोष्ट अगदी साधी. कण पेशीवर थर देऊन बसले की ऊन अडतं. उन्हावर जगणाऱ्याला कुणी गोधडीत गुंडाळावं तसं.

मोज्यांचा हिशेब

हे सगळं प्रयोगशाळेतलं झालं. मोज्यातली चांदी खरंच बाहेर पडते का? २००८ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात दोन संशोधकांनी बाजारातले सहा प्रकारचे मोजे आणले आणि पाण्यात घुसळले. काही मोज्यांत ग्रॅममागे १,३६० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी होती. अर्धा लिटर पाण्यात तिच्यापैकी ६५० मायक्रोग्रॅमपर्यंत उतरली. सगळ्यांतून सारखी उतरली असं नाही. चांदी कशी बसवली आहे यावर ते ठरतं. पण त्या पाण्यात सुटे आयनही होते आणि कणही.

आता कंपन्यांना माझा एक सरळ सवाल आहे. मोज्यातली चांदी सुटते की सुटत नाही?

सुटत नसेल, तर ती जंतू मारणार कशी? मग पाकिटावरचं ९९.९% खोटं आहे. सुटत असेल, तर ती धुण्याच्या पाण्यातही सुटणार आणि थोड्या महिन्यांत ग्राहकाच्या पायात साधा मोजाच उरणार. चांदीचे पैसे ग्राहकाने दिले, चांदी नदीला मिळाली. 'माणसाच्या पायातल्या जंतूंना मारते, पण पाण्यातल्या शैवालाला ओळख दाखवते' अशी चांदी अजून कुणी शोधलेली नाही.

आणि त्या ९९.९ टक्क्यांविषयीही थोडं. दहा लाख जंतूंतले ९९.९% मारले की एक हजार उरतात. दमट, उबदार बुटात त्यांना पुन्हा लाखांवर जायला एक दिवस पुष्कळ होतो.

आता दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून व्हॉट्सॲपवर 'चांदीच्या मोज्यांनी नद्या मारल्या' असा मेसेज टाकायला निघाला असाल तर थांबा. तसं मी म्हटलेलं नाही आणि तसा पुरावाही नाही.

२००९ साली युरोपातल्या नद्यांसाठी केलेल्या एका गणितात नॅनो चांदीचं अपेक्षित प्रमाण लिटरमागे एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी आलं होतं. प्रयोगशाळेतल्या विषारी मात्रा त्याच्या हजारो पट असतात. नैसर्गिक पाण्यात कुजलेल्या पानांचा अर्क, क्लोराइड, गंधकाची संयुगं असतात आणि ती चांदीला बांधून ठेवतात. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चंचुपात्रात शैवालाला हे संरक्षण नसतं.

कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी तर एक अख्खं तळंच प्रयोगाला घेतलं. ऑन्टॅरियो प्रांतातल्या 'लेक २२२' मध्ये त्यांनी २०१४ आणि २०१५ साली नॅनो चांदी सोडली. तळ्यातल्या शैवाल-समूहावर दीर्घकाळ टिकणारा परिणाम दिसला नाही, असं २०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलं. हे मी झाकून ठेवणार नाही. माझ्या बाजूच्या विरुद्ध जाणारा पुरावा आहे, तरीही तो तुमच्यासमोर आलाच पाहिजे.

मात्र त्याच तळ्याची गोष्ट तिथे संपत नाही. तिथल्या यलो पर्च नावाच्या माशांच्या शरीरात चांदी साठली. त्यांचं खाणं कमी झालं आणि संख्या घटली, असं त्याच प्रकल्पातल्या संशोधकांना आढळलं. म्हणजे ७२ तासांच्या चाचणीत जे दिसलं ते तळ्यात दिसलं नाही, आणि चाचणीत जे कुणी मोजलंच नव्हतं ते तळ्यात घडलं. नव्या औषधाच्या बाबतीत असं झालं तर आम्ही 'चला, सुरक्षित आहे' म्हणत नाही. जपून वापरा म्हणतो.

मग एवढी ओरड कशाला?

तीन कारणं आहेत.

पहिलं कारण आमच्या धंद्यातलं आहे. कुठलंही औषध लिहिताना डॉक्टरने आधी विचारायचं असतं: गरज आहे का? गरज नसेल तर धोका कितीही लहान असला तरी तो जास्तच आहे, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काहीच नाही. भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर चांदीचं पांढरं मलम लावतात, तिथे ती चांदी काम करते. गावात पिण्याचं पाणी दूषित असेल आणि चांदीचा वापर करणाऱ्या फिल्टरमुळे मुलांचे जुलाब टळत असतील, तर मी त्या फिल्टरच्या बाजूने उभा राहीन. आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने नॅनो पदार्थ वापरून पाण्यातलं आर्सेनिक काढण्याची पद्धत विकसित केली. नॅनोतंत्राचा याहून चांगला उपयोग कोणता? माझं भांडण नॅनोशी नाही. पायाला वास येतो म्हणून जंतुनाशक धातू अंगावर वागवण्याशी आहे. ज्याला आजारच नाही त्याला हे औषध आहे, आणि तेही चिठ्ठीशिवाय.

दुसरं कारण आपल्या गटारांत आहे. युरोपातली ती दिलासा देणारी गणितं गृहीत धरतात की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून जातं. तिथे बहुतेक चांदी गंधकाशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड बनते आणि गाळात बसते. हे संयुग पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे बरंच कमी विषारी असतं. उत्तम. पण आपल्याकडे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या आकड्यांनुसार देशाच्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होतं ते सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटर. शंभरातले अठ्ठावीस. उरलेल्या बहात्तर लिटरांसाठी युरोपातलं गणित लागू नाही. आपली नदी आधीच मैल्याने आणि कारखान्यांच्या पाण्याने अर्धमेली आहे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला आणखी एक अनावश्यक औषध द्यायचं नसतं, मग ते धडधाकट माणसाला सोसत असलं तरी.

"नदी तर हिरवीगार झाली आहे, थोडं शेवाळ मेलं तर बरंच की!" असं एका वाचकाने मागे विचारलं होतं. नदी हिरवी होते ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे. त्यावर जंतुनाशक टाकणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. शिवाय विष सगळ्यांना सारखं मारत नाही. नाजूक जाती आधी जातात, चिवट मागे राहतात आणि मोकळ्या जागेत माजतात.

तिसरं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर आहे आणि ते पुन्हा दवाखान्यात येऊन पोचतं. १९७५ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात, सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला जिवाणू सापडला. तो अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांनाही जुमानत नव्हता. चांदीविरुद्धच्या या प्रतिकाराची जनुकं प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर होती, आणि अशी कडी एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातात. एकाच कड्यावर चांदीचा आणि प्रतिजैविकांचा प्रतिकार शेजारी शेजारी असेल, तर चांदीच्या संपर्काने दोन्ही जोपासले जाऊ शकतात.

गटार म्हणजे अब्जावधी जिवाणूंचं संमेलन. तिथे आपण थोडी थोडी, मारायला न पुरणारी पण शिकवायला पुरणारी चांदी रोज सोडणार. अँटिबायोटिकचा अर्धवट कोर्स घेऊ नका म्हणून मी रोज घसा कोरडा करतो. हा गटाराला दिलेला अर्धवट कोर्सच आहे. उद्या भाजलेल्या बाईच्या जखमेवर तेच पांढरं मलम निरुपयोगी ठरलं, तर कारण म्हणून मोज्यांकडे कुणी बोट दाखवणार नाही.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत धुताना चांदीचे आयन सोडणारी वॉशिंग मशीन बाजारात आली, तेव्हा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ साली स्पष्ट केलं की अशा यंत्राची कीडनाशक म्हणून नोंदणी करावी लागेल. बरोबरच आहे. जंतू मारतं असं म्हणून विकता ना, मग कीडनाशकाचे नियम पाळा!

पुढे त्याच संस्थेने कापड आणि प्लास्टिकमध्ये वापरायच्या एका नॅनो चांदीला सशर्त परवानगी दिली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१७ साली तिथल्या अपील न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. मुद्दा होता सार्वजनिक हिताचा. नॅनो चांदी आली की लोक साधी चांदी वापरणं सोडतील आणि एकूण चांदी कमी होईल, असं संस्थेचं म्हणणं होतं. न्यायालयाने म्हटलं, याला पुरावा कुठे आहे?

युरोपात सौंदर्यप्रसाधनांत नॅनो घटक असेल तर २०१३ पासून घटकांच्या यादीत त्याच्यापुढे 'नॅनो' असं छापावं लागतं. जंतुनाशकांच्या कायद्यातही नॅनो पदार्थांची वेगळी तपासणी आहे.

आपण २००७ साली राष्ट्रीय 'नॅनो मिशन' सुरू केलं, हजार कोटी रुपयांची तरतूद केली. उत्तम संशोधन झालं, त्याचा मला अभिमान आहे. २०१९ मध्ये नॅनो औषधांसाठी आणि २०२० मध्ये शेती व अन्नातल्या नॅनो उत्पादनांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही आली. पण मोजे, बनियन, मास्क, रंग, चादरी? ही ना औषधं, ना अन्न, ना खत. या दोन्ही मार्गदर्शिकांच्या कक्षेबाहेरून ती सरळ तुमच्या घरात येतात.

म्हणून माझी मागणी तीन आकड्यांची आहे. 'नॅनो' शब्द छापून जो माल विकेल त्याने पाकिटावर हे छापावं: एका नगात किती मिलिग्रॅम चांदी आहे, दहा धुण्यांत तिच्यातली किती निघून जाते, आणि गोड्या पाण्यातल्या शैवालाची वाढ निम्मी होण्यासाठी ती किती लागते. कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत हे तिन्ही मोजता येतात. जो छापणार नाही त्याला 'नॅनो' छापण्याचाही हक्क नसावा.

तोवर तुम्ही काय करायचं?

पायाला वास येत असेल तर कारण साधं आहे: घाम आणि त्यावर जगणारे जिवाणू. पाय रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, सुती मोजे रोज बदला आणि उन्हात वाळवा. एकच बूट रोज न घालता त्याला एखादा दिवस वाळू द्या. पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर ती बहुधा बुरशी असते. तिला बुरशीचं मलम लागतं, चांदीचा मोजा नाही.

मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय आरशात बघणं आणि अनवाणी न चालणं यांना कुठलाही महागडा मोजा पर्याय नाही.

'चांदीचं पाणी' म्हणून विकलं जाणारं कोलॉइडल सिल्व्हर पिऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच सांगितलं आहे की पोटात घेण्यासाठी ते सुरक्षित आणि गुणकारी मानलेलं नाही. सतत घेतल्याने त्वचा कायमची निळसर-करडी होऊ शकते.

भाजल्यावर डॉक्टरांनी दिलेलं चांदीचं मलम मात्र हा लेख वाचून फेकू नका. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलेलं झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीनही बंद करू नका. गरजेपुरतं वापरा. 'गरज' हाच या लेखातला कळीचा शब्द आहे.

आणि दुकानात पाकिटावर 'नॅनो सिल्व्हर' दिसलं तर ते परत ठेवा, शेजारचा साधा सुती जोड उचला. पैसे वाचतील, पायाला काही फरक पडणार नाही. नदीला मात्र, थोडा का होईना, पडेल.